खाणीच्या जागेवर लावलेली झुडपं दर उन्हाळ्यात मरतायत? आधी जुलैतला खड्डा बघा

तक्रार दर वर्षी तीच. जूनमध्ये लावलेली करवंद, तोरण, अंजनी ऑगस्टपर्यंत टवटवीत, दिवाळीला जरा मलूल, शिमग्याला निम्मी गेलेली. एप्रिलअखेर जागेवर उरतात त्या काड्या आणि वाऱ्यावर फडफडणारे काळ्या पिशव्यांचे तुकडे. निदानही ठरलेलं: पाणी कमी पडलं. मग पुढच्या वर्षी टँकर येतो, त्याच्या पुढच्या वर्षी ठिबक येतं, आणि एप्रिलमध्ये पुन्हा काड्याच.

आम्ही ऊसवाले. झाड सुकलं की पाणी पाजायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं. राधानगरीच्या वरच्या अंगाला बॉक्साइट काढून बुजवलेल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आम्ही पाच-सहा जण रोपं लावायला जातो, आणि पहिली तीन वर्षं आम्हीही टँकरवाल्याच्याच मागं होतो. चौथ्या वर्षी अक्कल आली. झाड एप्रिलमध्ये मेलेलं दिसतं खरं, पण बहुतेक वेळा त्याचा जीव जुलैतच गेलेला असतो, आणि तोही पाण्यात बुडून. उन्हाळा फक्त पंचनामा करतो.

शाहूवाडी किंवा चंदगडकडच्या अशाच जागेवर कुणी काम करत असेल तर पुढचं सगळं बऱ्यापैकी लागू पडेल. कोल्हापूरजवळच्या दगडखाणी काळ्या पाषाणातल्या, तिथली भानगड वेगळी.

मेलेलं रोप फेकू नका, उकरून बघा

उपटू नका, उकरा. बुंध्यापासून हातभर लांबून कुदळ घाला, मुळांसकट गोळा बाहेर काढा आणि बादलीत धुवा. एकच रोप बघून निष्कर्ष काढू नका. माथ्यावरची, उतारावरची, सपाटीवरची अशी वेगवेगळ्या जागची दहा-बारा तरी बघा.

मुळांचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा आहे, एकही मूळ बाहेरच्या मातीत शिरलेलं नाही, बारीक मुळं काळी पडलीत, चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो, वास गटारासारखा: हे रोप बुडून मेलं. पिशवीबाहेर वीतभर मुळं गेलीत, रंग तपकिरी पण मुळं कडक, वाकवली की कट्‌कन मोडतात: हे खरोखर तहानेनं गेलं. गोळ्याच्या तळाशी मुळांनी चुंबळ केलीय: हे रोपवाटिकेत पिशवीतच म्हातारं झालं होतं, आपण फक्त त्याची जागा बदलली.

शेंडा कापलेला असेल तर काप नीट बघा. सुरीनं तिरकं कापल्यासारखा स्वच्छ असेल तर ससा. ओढून तोडल्यासारखा, रेषा लोंबणारा असेल तर गुरं नाहीतर शेळ्या, कारण त्यांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. बुंध्यावर मातीचा लेप दिसला की सगळे वाळवीवर खापर फोडतात. वाळवी बहुधा मेल्यावर जेवायला येते, जेवायला आलेल्याला खुनी ठरवू नका.

आम्ही त्या वर्षी बावीस रोपं उकरली. सोळा बुडालेली निघाली. टँकरचं बिल माझ्या खिशातच होतं.

रांजण

खरं तर हे आम्हाला आधीच दिसायला हवं होतं. २०२१ च्या जुलैअखेर पूर आला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर पंचगंगेकडं डोळे लावून बसतं, तसे आम्हीही बसलो. रस्ते मोकळे झाल्यावर आठ-नऊ दिवसांनी वर गेलो. सडा धुऊन काढल्यासारखा लख्ख, उतारावर पाण्याचा थेंब नाही, आणि आमचे खड्डे काठोकाठ भरलेले. प्रत्येक खड्ड्यात मधोमध एक रोप, कानापर्यंत पाण्यात. आम्हाला काय वाटलं असेल? बरं झालं, चांगली ओल धरली! त्याचे फोटोही काढले.

खालच्या धनगरवाड्यावरचे एक मामा म्हशी घेऊन चालले होते. थांबून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो खड्डा न्हाई, रांजण हाय. रांजणात झाड लावलायसा. ह्यात पाणी बसतंय, झाड न्हाई."

आम्ही हसलो.

मामांचं म्हणणं मातीच्या भाषेत असं. न फोडलेला जांभा म्हणजे चाळण असते. त्यात बोट जाईल एवढ्या नळ्या आणि पोकळ्या असतात, वरून चार-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळला तरी पाणी खाली झिरपत राहतं आणि डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यांना जाऊन मिळतं. बॉक्साइट असतं या जांभ्याच्याच टोपीत, आणि टोपीखाली चिकण माती. खाणीत चाळण उचलून नेली की तळ जवळजवळ त्या चिकण मातीवर येऊन टेकतो. त्यावर खोदलेला माल परत ढकलतात आणि भरलेले डंपर तीन-चार वर्षं त्यावरून फिरतात. वरून हिरवं दिसावं म्हणून शेवटी अर्धा फूट माती पसरली तरी तिच्याखाली जे असतं त्याला जमीन म्हणवत नाही, तो रस्ताच. त्या रस्त्यात जेसीबीच्या ऑगरनं गोल, गुळगुळीत भोक पाडलं की ऑगरचं पातं फिरता फिरता चिकण मातीच्या भिंतीला घोटून पॉलिश करतं. कुंभारानं चाकावर केलं असतं तरी इतकं चोख झालं नसतं.

मुळांनाही श्वास लागतो. महिनाभर पाण्याखाली राहिली की बारीक मुळं सडतात. खोडात साठलेल्या पुंजीवर रोप दिवाळीपर्यंत तग धरतं, म्हणून आपली फसगत होते. हिवाळ्यात नवी पालवी फुटली नाही तर समजायचं की खाली काही उरलेलं नाही. मार्चमध्ये वर कितीही पाणी ओता, प्यायला तोंडच नाही.

मे महिन्यातली दोन घागरींची परीक्षा

खड्डे काढायच्या आधी, मे महिन्यात, जागेवर पाच-सहा ठिकाणी हातभर खोल खड्डा घ्या. एक घागर पाणी ओता आणि जिरू द्या, कारण कोरडी माती पहिलं पाणी हावरटासारखं पिते, त्यावर विश्वास ठेवू नका. मग दुसरी घागर ओता, पाणी कुठवर आलं तिथं खडूनं नाहीतर काडीनं खूण करा आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर तो रांजण. तिथं नेहमीच्या पद्धतीनं लावलेलं झुडूप वाचणार नाही, जात कुठलीही असो.

पहारही बरंच सांगते. सैल मुरमात पहार खस्सकन जाते, दडपलेल्या थरावर टण्ण वाजून हाताला झिणझिण्या आणते. तो आवाज किती खोलीवर येतो ते लिहून ठेवा, फाडणी, म्हणजे यंत्राच्या दातानं तो घट्ट थर फोडणं, किती खोल करायची ते त्यावरूनच ठरतं.

यंत्र असेल तर

खाण बंद होताना यंत्रं जागेवरच असतात, मागून पोकलेन वर चढवायला भाडं कुणी देत नाही. खाण बंद करण्याच्या आराखड्यात पुनर्भरण आणि लागवड असतेच, त्यात खोल फाडणी लिहून घेतली का ते गावानं ग्रामसभेत विचारावं. बकेट काढून एकच दात लावायचा आणि अडीच-तीन फूट खोल फाडायचं. हे काम कोरड्यात, एप्रिल-मेमध्येच करायचं, तेव्हा थर तडकून फुटतो. पावसानंतर केलं तर सुरी लोण्यातून गेल्यासारखा दात नुसता जातो आणि मागची भेग पुन्हा मिटते. फाडणीच्या ओळी उताराला आडव्या घ्या, पण किंचित कल ठेवून, आणि शेवट दगडांच्या सांडव्यात करा. इथला पाऊस अडवायचा विचार डोक्यातून काढा. दुष्काळी माण-खटावची पाणी अडवणारी समतल चर इथं जशीच्या तशी आणली की वरंबे फुटून घळी पडतात. आम्ही तेही करून बसलोय.

आणि शेवटी सपाटीकरण करू नका. पाहुणे येणार म्हणून ग्रेडर फिरवून जागा क्रिकेटच्या मैदानासारखी करतात, तिथंच निम्मं काम बिघडतं. खाचखळगे, ढीग, मोठे धोंडे जसे पडलेत तसे पडू द्या.

यंत्र नसेल तर

खड्डा विसरा, उंचवटा करा. तीन फूट रुंदीची जागा टिकावानं जितकी खोल फुटेल तितकी फोडायची, त्यावर जागेवरचीच बारीक माती आणि मुरूम ओढून फूटभर उंच ढीग घालायचा, खालच्या बाजूला दगडांची चंद्रकोर लावायची, म्हणजे पावसानं ढीग वाहत नाही. रोप माथ्यावर. जिथं खड्डे आधीच काढलेत तिथं भिंती पहारीनं ओरबाडून खडबडीत करा आणि उताराच्या बाजूची कड फोडून हातभर लांब चर काढा. एवढ्या एका चरीनं आमची बरीच जुनी रोपं वाचली.

आळ्याचं काय? लावतानाच रोपाभोवती छान गोल आळं करायची सवय उसापासून आंब्यापर्यंत आपल्या सगळ्यांना आहे. इथं जूनमध्ये आळं करणं म्हणजे बुडवायची सोय करणं. परतीचा पाऊस संपत आला की, ऑक्टोबरमध्ये आळं करा. तोवर बुंधा उंच, भोवतीची माती बाहेर उतरती.

लागवड जूनच्या पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर. जुलैतल्या वनमहोत्सवाच्या आठवड्यात पाहुणे मोकळे असतात, मुळं मोकळी नसतात.

नदीकाठची काळी माती, प्रेसमड आणि डीएपी

खड्ड्यात गाळाची काळी माती भरायची टूम जोरात आहे. चांगली माती म्हणजे काळी, हे आपल्या तोंडात बसलंय. जांभ्याच्या खड्ड्यात ती पावसाळाभर स्पंजासारखी फुगून राहते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, तेव्हा कोवळी मुळं ताणून तुटतात. करवंदाला तुमची काळी माती नको आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या खडकाच्या फटीत वाढतंय.

प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, साखर कारखान्यावरून स्वस्तात मिळतं म्हणून एका वर्षी आम्ही ट्रॉलीभर आणलं. ताजं होतं. ढिगात हात घातला तर चटका बसत होता, तरी घातलं, कारण ट्रॉली परत न्यायचं भाडं वेगळं. महिनाभरात त्या ओळीतली रोपं कडेनं करपली. वर्षभर कुजवून थंड झालेलं असेल तर ओंजळभर चालतं, शेणखताचंही तेच.

डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताचे पैसे वाचवा. जांभ्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद पकडून बसतात, झुडपाच्या वाट्याला फार थोडं येतं. नत्राचा फायदा कुणाला? रानमोडीच्या तणाला. चार महिन्यांत ती पुरुषभर होते आणि तुमची अंजनी शोधायला विळा लागतो. चुन्याचंही ऐका: माती परीक्षणात सामू (pH) ५ च्या खाली आला तरच विचार करा. सड्यावरची झुडपं आंबट मातीचीच सवयीची आहेत.

कमी असते ती खताची नाही, बुरशीची. मुळांशी भागीदारी करून स्फुरद आणून देणारी बुरशी खाणीच्या ढिगात उरलेली नसते. वरची मूळ माती काढून ठेवतात खरी, पण दोन पुरुष उंचीचा ढीग घालून पाच वर्षं ठेवली तर आतलं बी आणि ही बुरशी बहुतेक मरतात. ढीग कमरेएवढा आणि लवकर परत पसरलेला हवा. ते आपल्या हातात नसेल तर रोपवाटिकेत पिशव्या भरतानाच जवळच्या जिवंत करवंदाखालची मूठभर माती प्रत्येक पाटीत मिसळा. आपल्या नाहीतर ओळखीच्या मालकीतली घ्या. देवराईत कुदळ घालू नका, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तर नाहीच.

रोपं आणि बी

करवंदाचं आणि जांभळाचं बी ठेवायचं नसतं. मे-जूनमध्ये फळ खाल्लं की त्याच आठवड्यात पिशवीत. डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरलेलं बी उगवलं नाही म्हणून बियांना दोष देणारे लोक मी पाहिलेत, त्यातला एक मी. धायटीचं बी तंबाखूच्या भुकटीसारखं बारीक, राखेत मिसळून वरच भुरभुरायचं, पुरायचं नाही. अंजनी फार संथ. उगवायला वेळ, वाढायला वेळ, म्हणून तिला पहिल्या फळीत पाठवूच नका. आधी धायटी, मुरुडशेंग, गेळा, तोरण जमू द्या, त्यांच्या सावलीला दोन-तीन वर्षांनी अंजनी. गुरं फार फिरतात तिथं रामेठा लावा, तो विषारी, गुरं तोंड लावत नाहीत. कारवीचं बी सात-आठ वर्षांतून एकदाच मिळतं, त्यामुळं फुलोऱ्याचं वर्ष आलं की बाकी कामं बाजूला ठेवून बी गोळा करा.

पिशवीत वर्षापेक्षा जास्त राहिलेलं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. घ्यावंच लागलं तर तळाचा बोटभर भाग कापून टाका आणि गोळ्याला तीन उभे छेद द्या. बघवत नाही, पण जगतात.

ऑस्ट्रेलियन बाभळीबद्दल मला सारखं विचारतात. दोन वर्षांत हिरवं दिसतं, अहवालात फोटो छान येतो. खाली वाळक्या पाल्याचा जाड थर, त्यात ना गवत ना किडा, आणि वणव्याला आयतं सरपण. उभी असलेली एकदम तोडू नका, सावली जाईल. दर वर्षी थोडी विरळ करत मधे झुडपं घुसवा. नवीन मात्र एकही नको.

वणवा, गुरं, गवे

यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि तरी दर वर्षी जळतं. जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, फेब्रुवारी उजाडायच्या आत. उसाचं पाचट आच्छादन म्हणून शेतात भारी, इथं नको, एका विडीचं काम आहे. त्याऐवजी बुंध्याभोवती जांभ्याचे चपटे दगड मांडा. ओल टिकते, जळत नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात उचलून बघाल तर खाली विंचू, पाल, बेडूक यांपैकी कुणीतरी भाडेकरू असतो. प्लॅस्टिकच्या ट्री-गार्डचं गवे काय करतात ते सांगायची गरज नाही. करवंदाच्या वाळक्या काटेरी फांद्या भोवती रचल्या तर गुरं तरी लांब राहतात.

चराईसाठी गावाशी भांडून काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट खाणपट्ट्यांना घालायला सांगितली, ती चाऱ्यासाठीही आहे. त्यामुळं निम्मी जागा गवताला आणि गुरांना मोकळी सोडा, निम्मी झुडपांना बंद करा, आणि हे वाड्यावर बसून ठरवा. झुडपांच्या ओळीत मात्र जोमदार वैरणीचं गवत पेरू नका, पहिल्याच वर्षी ते रोपांना गिळतं.

पाखरांकडून काम करून घ्या

आमच्या जागेच्या कडेला डंपरनं टाकलेला धोंड्यांचा एक ढीग होता. उचलायला पैसे नव्हते म्हणून राहिला. तिसऱ्या वर्षी त्यात आपोआप आलेली करवंदं मोजली तर नऊ, तोरणाच्या दोन वेली, एक जांभूळ. कुणी पाणी घातलं नव्हतं. ढिगाच्या माथ्यावर लालबुड्या बुलबुल बसतो, हगतो, बी फटीत पडतं. फटीत सावली, थोडी माती, आणि पाणी साचायला जागाच नाही. आम्ही ऑगर लावून जे साधलं नाही ते बुलबुलानं फुकट केलं होतं.

तेव्हापासून जिथं मिळतील तिथं धोंड्यांचे ढीग रचतो आणि मधे पुरुषभर उंचीच्या फांदीच्या काठ्या रोवतो, पाखरांना टेकायला. खाली पडलेल्या विष्ठेत काय बी सापडतं ते बघत बसणं हा माझा रविवारचा उद्योग. घरचे लोक आता विचारायचे थांबलेत.

खाणीच्या उरलेल्या खड्ड्यात तळं होतं, ते ठेवा, पण एक बाजू गाडीवाटेसारखी लांब उतरती करून घ्या. उभ्या कडांच्या पाण्यात उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. डास होतात म्हणून गप्पी मासे सोडू नका, बेडकांची अंडी आणि पिल्लं त्यांच्या पोटात जातात.

जिथं काहीच जगत नाही

आमच्या जागेच्या उत्तर टोकाला पाऊण गुंठा अशी सपाटी आहे जिथं चार वर्षं सगळं करून बघितलं. उंचवटे केले, चर काढली, धायटीसुद्धा लावली. सगळी मेली. दोन घागरींच्या परीक्षेत तिथं तिसऱ्या दिवशीही पाणी होतं. पाचव्या वर्षी रोपं नेलीच नाहीत, नुसते दगड टाकले आणि गुरं जाऊ नयेत म्हणून काटे लावले. मूळचा सडा तरी कुठं सगळा झुडपांचा असतो? मसाई पठारावर पावसाळ्यात फिरून या, उघड्या कातळावरच्या वीतभर पाण्यात काय काय फुलतं ते दिसेल.

गेल्या ऑगस्टात त्या सपाटीवर बोटभर पाण्यात गेंदाची पांढरी बोंडं आली होती, शेजारच्या न खोदलेल्या सड्यावरून बी वाहून आलं असावं. कडेला ओंजळभर जागेत सीतेची आसवंही होती, निळी-जांभळी. मामा म्हशी घेऊन तिथूनच चालले होते. म्हणाले, "आता हितं झाड लावशीला, तर बघा."